गुलाबाच्या बुडातून ‘जंगली’ फुटवा सारखा येतोय? कात्री चालवण्याआधी एवढं बघा

तक्रार जवळपास दरवेळी सारखीच असते. नर्सरीतून टपोऱ्या लाल फुलाचं रोप आणलं, दोन वर्षं छान फुललं. मग बुडातून लांबलचक फांद्या यायला लागल्या. कापल्या की महिन्याभरात पुन्हा हजर. लाल फुलं कमी कमी होत गेली, आणि आता झाड हिरवंगार आहे पण फूल म्हणून नाही. विचारणाऱ्याला शेजाऱ्यानं आधीच सांगितलेलं असतं, ‘सात पानांचा फुटवा जंगली असतो, दिसला की उडवा.’

मीही तीन वर्षं उडवत होतो. नाशिकला आमच्या जिन्याखाली, नळाजवळ एक कलमी गुलाब होता. दर पंधरवड्याला बुडातली फांदी कापायची हे माझं रविवारचं काम. चौथ्या वर्षी पावसाळ्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. दिवाळीपर्यंत कुणी तिकडे फिरकलंच नाही. तोवर लाल गुलाबाची फांदी काळी पडून वाळली होती, आणि ‘जंगली’ फुटव्याच्या टोकाला चार-पाच गुलाबी कळ्यांचा घोस आला होता. भाऊबिजेला आत्या आली. ऐंशीच्या पुढची बाई, पायऱ्या चढायच्या आधी थबकली. एक फूल खुडलं, हुंगलं, आणि दोन पाकळ्या सरळ तोंडात टाकल्या.

‘अरे, हा कुठून आणलास?’

‘आणला नाही आत्या, तो जंगली आहे. काढायचाय.’

‘जंगली कसला? गुलकंदाचा गुलाब आहे हा. आमच्या परसात विहिरीपाशी होता. विहीर बुजवली तेव्हा गेला.’

तिच्या विहिरीपाशी होता तो हाच, अशी शपथ मी घेणार नाही. साठ वर्षांपूर्वीच्या झाडाचा पुरावा कुठून आणायचा? पण जिन्याखालचा गुलाब कोणता, ते पुढे वर्षभर नीट बघितल्यावर माझ्यापुरतं पक्कं झालं. तो एडवर्ड. जुन्या माळ्यांच्या तोंडी हे नाव असतं, नव्या नर्सरीच्या पाटीवर सहसा नसतं.

आता हा प्रकार का होतो ते समजून घेऊ, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

बाजारातला मोठ्या फुलाचा गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली खुंट, म्हणजे मुळं देणारं झाड, आणि वर त्यावर भरलेला हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर. खुंट म्हणून असा गुलाब निवडतात की ज्याची काडी मातीत खोचली तरी मूळ धरते आणि जो ऊनपाण्याला दाद देत नाही. आपल्याकडे रोझा इंडिका, रोझा मल्टिफ्लोरा, एडवर्ड असे खुंट चालत आले, आणि पॉलिहाऊसवाल्यांचा नताल ब्रायर. काडी लावताना तिचे खालचे डोळे चाकूनं काढून टाकायचे असतात, कारण राहिलेला एखादा डोळा पुढे कधीतरी फुटतोच. वरचा भाग कमजोर झाला की त्याचा खालच्या डोळ्यांवरचा वचक सुटतो आणि खालचा झोपलेला डोळा जागा होतो. म्हणजे फुटवा हा रोग नाही. बहुतेक वेळा वरच्या झाडाचं काहीतरी बिनसलंय याची ती खूण असते. तुम्ही फुटवा कापत राहता, वरची फांदी मात्र मरत राहते, म्हणून तक्रार संपत नाही.

पहिलं काम कात्रीचं नाही, खुरप्याचं. बुडाभोवतीची माती चार बोटं बाजूला करा. खोडावर एक फुगीर, वाकडी गाठ दिसेल. डोळा भरला ती जागा हीच. फांदी गाठीच्या वरून निघालेली असेल तर ती कितीही जाड, लाल आणि बेफाम वाढलेली असो, तिला हात लावू नका. गाठीवरून आलेला असा कोंब म्हणजे तुमच्या कलमी झाडाचं पुढच्या चार वर्षांचं भांडवल, आणि लोक ‘पाणसोट’ (फुकट वाढणारी वांझ फांदी) म्हणून नेमका तोच कापतात. गाठीच्या खालून आलेली असेल तरच पुढचा विचार करायचा. कुंडी बदलताना गाठ मातीत खोल गेली असेल तर ती आधी उघडी करा.

सात पानांचा नियम तर आजच सोडून द्या. कलमी गुलाबाच्या जोमदार कोंबावरही एका देठावर सात पर्णिका (छोटी पानं) येतात, आणि एडवर्डवर बऱ्याचदा पाचच असतात. त्या हिशोबानं माझा ‘जंगली’ फुटवा सभ्य ठरला असता!

फुटवा खालूनच आलाय हे ठरलं, तर तो कोणत्या खुंटाचा ते कसं ओळखायचं? इथे एडवर्डचा इतिहास नुसता सांगण्यापुरता नाही, ओळखण्याच्या कामी येतो.

हिंदी महासागरात मॉरिशसजवळ रियुनियन नावाचं बेट आहे. त्याचं जुनं नाव बुर्बाँ. तिथले लोक जमिनीला गुलाबाचं कुंपण करत. एक रांग चिनी गुलाबाची, दुसरी वर्षात पुन्हा फुलणाऱ्या दमास्क गुलाबाची. अशाच एका कुंपणात या दोन्हींच्या संकरातून आपोआप उगवलेलं, दोन्हींपेक्षा वेगळं रोप एका जमीनमालकाला सापडलं, अशी हकिगत इंग्लंडच्या गुलाबतज्ज्ञ थॉमस रिव्हर्सनं एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवली आहे. १८१७ मध्ये ब्रेऑं नावाचा फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ बेटावर आला. त्यानं या गुलाबाचं बी पॅरिसजवळच्या न्युई इथे झाक नावाच्या माळ्याकडे पाठवलं आणि त्यातून युरोपात बुर्बाँ गुलाबांचं अख्खं घराणं उभं राहिलं. १८४३ चा ‘सुव्हेनिर द ला माल्मेझाँ’ याच घराण्यातला. पुढे मोठ्या फुलांच्या हायब्रिड टी गुलाबांची लाट आली आणि मूळ पुरुष, म्हणजे आपला एडवर्ड, मागे पडला. भारतात मात्र तो दोन पोटापाण्याच्या धंद्यांमुळे टिकला. एक, हार आणि गुलकंदाची फुलं. तमिळनाडूत हाराचा ‘पन्नीर रोजा’ म्हणतात तो हाच. दुसरा धंदा खुंटाचा. म्हणजे ज्या गुलाबांनी याला बागेतून हुसकलं, त्यांचंच ओझं हा डोक्यावर घेऊन मातीत दडून बसला. आपल्या जिन्याखाली तो ‘सापडतो’ तो असा.

तर ओळख. आईबापांपैकी चिनी गुलाबाकडून याला मिळाली ती बारमाही फुलायची सवय, आणि दमास्ककडून वास. चिनी गुलाबाचा गुण असा की नवी फांदी वाढते आणि टोकाला कळी धरून थांबते. म्हणून एडवर्डचा नवा फुटवा दोन-तीन महिन्यांत टोकाला घोस धरतो. मल्टिफ्लोराचं तसं नाही. त्याची नवी फांदी सहा-सात फूट सरळ धावेल, पण कळीचं नाव नाही. तो वर्षातून एकदा, तेही जुन्या फांदीवर फुलतो. त्याचं फूल लहान, पांढरं, झुपक्यात. फुलाची वाट पाहायची नसेल तर मल्टिफ्लोरा पानावरूनही कळतो. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन बारीक हिरव्या पट्ट्या असतात, त्यांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखी झालर असेल तर तो मल्टिफ्लोरा. तो खुशाल काढा. रोझा इंडिकाही नव्या फांदीवर फूल देत नाही. थोडक्यात, एक फुटवा एक हंगाम राहू द्या. कुंपणाबाहेर पळाला आणि कळी आली नाही तर तो आपला नव्हे.

एडवर्डचं फूल मध्यम, गडद गुलाबी, वाटीसारखं, पाकळ्या मऊ आणि पातळ. सकाळी उमलतं आणि दुपारच्या उन्हात मान टाकतं. फुलदाणीत लावायला अगदीच कुचकामी. पण ओंजळभर पाकळ्या स्वयंपाकघरात ठेवा, वास माजघरापर्यंत जातो. हायब्रिड टीची पाकळी चावून बघा, कागदासारखी जाड आणि कडसर लागते. याची जिभेवर विरते.

एक घोटाळा इथे नेहमी होतो. ‘गावठी गुलाब’ हे एका झाडाचं नाव नाही. शुद्ध दमास्कलाही गावठीच म्हणतात, आणि त्याचाही गुलकंद होतो. पण मैदानी भागात दमास्कचा मुख्य बहर वसंतात येऊन जातो, नंतर झाड वर्षभर नुसतं उभं. दसऱ्याला, नाताळात, पुन्हा होळीला फुलं येत असतील तर एडवर्डकडे संशयाची सुई वळवायला हरकत नाही.

आता निर्णय. वरचा लाल गुलाब हवा असेल आणि तो जिवंत असेल, तर खालचा फुटवा कात्रीनं कापू नका. कापला की बुडाशी दोन-तीन डोळे राहतात आणि एकाच्या जागी तीन येतात. माझी तीन वर्षं अशीच गेली. माती काढून फुटवा जिथून निघालाय तिथपर्यंत पोहोचा, हातमोजे घाला आणि खाली ओढून टाचेसकट, म्हणजे बुडाच्या सालीच्या तुकड्यासकट, उपटा. जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, दोन दिवस उघडी ठेवा, मग माती ओढा. आणि वरची फांदी का सुकतेय ते बघा. आपल्याकडे बहुतेक वेळा ती शेंडामर असते. छाटलेल्या टोकापासून काळपट-तपकिरी रंग खाली उतरत जातो. काळ्या भागाच्या दोन बोटं खाली, आतला गर पांढरा-हिरवा दिसेपर्यंत कापा आणि टोकाला पेस्ट लावा. हे केलं नाही तर फुटवे उपटून काही साधणार नाही.

फुटवाच ठेवायचा असेल तर दोन वाटा आहेत. वरचं मेलेलं असेल तर गाठीच्या वरचं सगळं कापून टाका आणि खुंटालाच झाड समजून वाढवा. एवढं साधं. वरचं जिवंत असेल आणि दोन्ही हवं असेल, तर फुटव्याला वेगळं मूळ द्यायला लागेल. आणि इथे दुसरी कायमची तक्रार सुरू होते: ‘काड्या लावतो, पानं येतात, मग काळ्या पडून मरतात.’

त्या पानांवर जाऊ नका, ती फसवी पालवी आहे. काडीत साठलेल्या अन्नावर डोळा पंधरा दिवसांत फुटतो, मुळं यायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात काडी उधारीवर जगते. लोक पालवी बघून खूश होतात, कुंडी उन्हात नेतात, वर मूठभर शेणखत घालतात, आणि काडी खालून कुजते. एडवर्ड तर खुंट म्हणून निवडला गेला तोच मुळं सहज धरतो म्हणून. त्याच्या काड्या मरत असतील तर दोष काडीचा नाही, कुंडीचा आहे.

नुकतीच फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी फांदी घ्या. टाचणीएवढी कोवळीही नको आणि अंगठ्याएवढी जून लाकडी तर नकोच. वीतभर तुकडा, चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. निम्मी धुतलेली जाड रेती आणि निम्मं कोकोपीट. खत अजिबात नाही. काडीचा दोन-तृतीयांश भाग आत. कुंडीखालची बशी काढून टाका. निम्म्या काड्या त्या बशीतल्या पाण्यानं मेलेल्या असतात. जागा सावलीची, पण उजेडाची. रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी पूड) असेल तर टोक बुडवून झटका, नसेल तरी चालेल. बटाट्यात काडी खोचायचा प्रयोग मी केलाय. बटाटा सडला, शेजारच्या मांजरानं तोंड फिरवलं. टोकाला दालचिनीची पूड लावा असंही सांगतात, ती चहात टाका.

मुळं आली का ते बघायला काडी उपटू नका. हे सांगूनही सगळे उपटतात. चिमटीत धरून अगदी हलकं ओढा, काडीनं विरोध केला तर मुळं आहेत. किंवा कुंडीच्या भोकातून पांढरा दोरा दिसेपर्यंत थांबा.

काड्यांवर भरवसा नसेल तर दाब कलम करा. मी हल्ली तेच करतो. जून-जुलैत फुटव्याची लवचिक फांदी जमिनीकडे वाकवायची, मातीला टेकते तिथे डोळ्याखाली बोटभर लांबीची तिरकी चीर द्यायची, चिरेत काडेपेटीची काडी अडकवायची म्हणजे ती मिटत नाही. तो भाग मातीत दाबून वर विटेचा तुकडा ठेवायचा. शेंडा बाहेर, काठीला बांधलेला. फांदी आईचंच पाणी पीत असते, त्यामुळे घाई नसते. दसऱ्याच्या सुमारास वीट उचलून माती जरा कोरा. मुळं दिसली की आईकडची बाजू आधी अर्धी कापा, पंधरा दिवसांनी पूर्ण. एकदम कापलं तर शेंडा मान टाकतो, एकदा टाकलेली आहे.

असं स्वतःच्या मुळावर उभं राहिलेलं एडवर्ड पुढे बुडातून फुटवे देतं, आणि लोक घाबरून पुन्हा कात्री काढतात. अहो, आता खाली खुंटच नाही. वर एडवर्ड, खाली एडवर्ड. येऊ दे.

उरलेली तक्रार: ‘लावलं, वाढलं, पण फुलं मोजकीच.’ याचं कारण बहुतेक वेळा ऑक्टोबर छाटणी. हायब्रिड टीला आपण गुडघ्याएवढं ठेवून कापतो, ती शिस्त याला लावली तर झाड पुढचे चार महिने फांद्या करण्यातच घालवतं. याच्या फक्त मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि काडीएवढ्या बारीक फांद्या काढा, उरलेल्यांचे शेंडे तेवढे खुडा. लांब फांदी कापायच्या ऐवजी आडवी वाकवून कुंपणाला किंवा गॅलरीच्या गजाला बांधा. उभी फांदी टोकालाच फुलते; आडवी केली की वरच्या बाजूचा जवळपास प्रत्येक डोळा फुटतो आणि प्रत्येक फुटव्याला कळ्या धरतात. माझी एक फांदी जिन्याच्या कठड्याला सुतळीनं बांधलेली आहे. संक्रांतीच्या सुमारास तिच्यावर अकरा घोस होते, शेजारच्या उभ्या फांदीवर एक.

श्रावणात कळ्या फुगतात पण उमलत नाहीत, बाहेरच्या पाकळ्या तपकिरी होऊन चिकटतात, हा या सगळ्या घराण्याचाच दोष आहे. पाकळ्या पातळ, त्यात पाऊस. अशा कळ्या खुडून टाका, नाहीतर बुरशी देठात उतरते. औषध शोधू नका, ऊन पडलं की पुढच्या कळ्या उमलतात. मार्चमध्ये कळ्या वाकड्या आणि कडेनं करपलेल्या दिसल्या तर मात्र ते फुलकिडे असतात. पांढऱ्या कागदावर कळी झटका, बारीक पिवळसर रेघा हलताना दिसतील. पानांवर काळे ठिपके आणि भुरी (पांढरी बुरशी) येतात, पण पानं सकाळी कोरडी राहिली आणि झाडात हवा खेळली तर झाड निभावून नेतं.

फवारणीचं मी घरात एकच पाळतो. या झाडाच्या पाकळ्या खायच्या आहेत, त्यामुळे त्याच्यावर विकतचं कीटकनाशक नाही. फार झालं तर पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी अर्क, तोही कळ्या नसताना. आत्याची रीत: सकाळी दव सुकल्यावर फुलं खुडायची, पाकळ्या पंचावर पसरून कोरड्या करायच्या, मग बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, वजनाला सारखे. तोंडाला फडकं बांधून तीन आठवडे उन्हात. पहिल्या वर्षी अकरा घोसांमधून एक लहान बरणी झाली. आत्यानं झाकण उघडून बोट घातलं, चाटलं आणि म्हणाली, ‘साखर जास्त झाली.’ मग बरणी पिशवीत घालून घेऊन गेली. दाब कलमाचं रोपही घेऊन गेली. ते आता तिच्या गॅलरीत आहे, आणि परवाच तिचा फोन आला, बुडातून काहीतरी फुटतंय, सून म्हणते कापू का.